पोटात पाय

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



समितीने मला वीस मिनिटे दिली आहेत. अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, ही रीत मला ठाऊक आहे. परंतु तो आढावा स्मरणिकेत कार्यवाहांनी माझ्यापेक्षा अधिक अचूकपणे घेतलेला आहे. म्हणून आज मी आपल्याशी गोगलगायींविषयी बोलणार आहे. आपण हसलात, ते स्वाभाविकच आहे. मराठी घेऊन एम. ए. झालेली बाई गोगलगायींवर भाषण करते म्हटल्यावर माझ्या सहकाऱ्यांनीही प्रथम ती थट्टाच समजली होती.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी पाचवीच्या वर्गावर म्हणी शिकवीत होते. फळ्यावर लिहिले, 'गोगलगाय अन् पोटात पाय'. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ही कुठली गाय?" वर्ग हसला, मी मात्र हसले नाही. आपली मुले या फरीदाबादेत जन्मली. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी. तो प्राणी त्यांना माहीत असतो, पण 'घोंघा' या नावाने. मी तसे सांगितले. त्यावर त्याच मुलाचा दुसरा प्रश्न, "पण बाई, तिच्या पोटात पाय कसा?" मी नेहमीचे उत्तर दिले: म्हणीचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो, वरून गरीब दिसणारा आणि आतून कावेबाज असणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. पंचवीस वर्षे मी हेच उत्तर देत आले होते आणि पंचवीस वर्षांत त्यावर कोणी काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने लोणच्याची रिकामी काचेची बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. शाळेच्या मागच्या कुंपणाच्या भिंतीवर सापडलेली एक गोगलगाय आत होती. "बाई, खालून बघा," तो म्हणाला. मी बरणी उचलून बुडाकडून पाहिले. काचेला चिकटलेला लांबट, ओलसर तळवा स्पष्ट दिसत होता आणि त्यावरून फिकट-गडद पट्टे एकामागून एक मागून पुढे सरकत होते, जणू पाण्यावरच्या लाटा. तो पाय होता. शरीराचा सबंध खालचा भाग म्हणजे एकच पाय. म्हण अक्षरशः खरी होती आणि मी मुलांना ती खोटी म्हणून शिकवीत आले होते.

पुढे वाचू लागल्यावर कळले, की प्राणिशास्त्राने या वर्गाला दिलेले ग्रीक नावही 'पोटाशी पाय असलेला' याच अर्थाचे आहे. मराठीत त्याला 'उदरपाद' म्हणतात. विद्वानांनी ग्रीकमधून जे घडविले, ते आपल्या आजीबाई फार आधीपासून जात्यावर बसून म्हणत असतील. अर्थात काटेकोरपणे पाहिले तर म्हणीतही थोडी गफलत आहे. गोगलगायीचे पोट म्हणजे जठर, यकृत वगैरे इंद्रिये पायात नसतात. ती वर शंखाच्या वेटोळ्यांत, म्हणजे पाठीवर असतात. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो. विंचवाच्या पाठीवर फार तर त्याची पिले असतात. खरे बिऱ्हाड गोगलगायीच्याच पाठीवर. त्या बिऱ्हाडात आणखी एक गंमत आहे. अंड्यात वाढत असतानाच तिचे धड अर्ध्या वर्तुळाएवढे पिळले जाते आणि त्यामुळे शरीराचे मागचे टोक पुढे, डोक्याच्या वरच्या बाजूला येते. अशा पिळलेल्या देहावर शंख चढत जातो. त्वचेची एक घडी असते, तिला प्रावार म्हणतात. तिच्या कडेतून चुन्याचा थर झिरपतो आणि शंखाच्या तोंडाशी रोज थोडी थोडी भर पडते. आपण घर बांधतो आणि मग त्यात राहायला जातो. ती घरासकट वाढते.

हे सारे मला एकटीला उमगलेले नाही. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. नाव घेऊ नका, अशी तिने अट घातली आहे, ती मी पाळते. मी तिला बरणीची हकीकत फोनवर सांगितली. ती म्हणाली, "बाई, बागेतली गोगलगाय सोपी आहे. खंडाळ्याची पाहा." आणि तिने वाचण्यासाठी कागदांचा गठ्ठा पाठवून दिला. त्या गठ्ठ्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. ती मी वाया गेली असे मानत नाही.

खंडाळ्याची गोगलगाय आकाराने मोहरीच्या दाण्याएवढी आहे. तिचे नाव 'ऑपिस्थोस्टोमा फेअरबँकी'. यातले फेअरबँक म्हणजे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक. अमेरिकन मराठी मिशनचे हे पाद्री अहमदनगरच्या परिसरात राहिले, मराठी बोलले आणि फावल्या वेळात पक्षी, वनस्पती आणि शंख जमवीत राहिले. घाटमाथ्यावर त्यांना हा कण सापडला. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधी १८६० साली विल्यम आणि त्यांचे बंधू हेन्री यांनी निलगिरीतल्या अशाच एका गोगलगायीवरून हे कूळ प्रथम जगापुढे मांडले होते. हेन्री ब्लॅनफर्ड हे नाव काहींनी ऐकले असेल. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे ते पहिले प्रमुख.

ऑपिस्थोस्टोमा या शब्दाचा अर्थ 'मागे तोंड असलेली'. सामान्य शंख एकाच दिशेने वेटोळे घेत वाढतो आणि खाली उघडतो. ही गोगलगाय लहानपणी तसेच शहाण्यासारखे वेटोळे घेते. पण वयात आली, की शेवटचे वेटोळे मुख्य शंखापासून सुटते, उलट वळते आणि तोंड वर, शेंड्याच्या दिशेने फिरवते. हे सुटलेले टोक हुबेहूब तुतारीसारखे दिसते. शास्त्रज्ञही त्याला एका वाद्याच्याच नावाने ओळखतात.

आपल्या बागेतल्या गोगलगायीहून तिची रचना पुष्कळ निराळी आहे. बागेतलीला शिंगांच्या दोन जोड्या असतात आणि डोळे वरच्या लांब शिंगांच्या टोकांवर असतात. हिला एकच जोडी, आणि डोळे शिंगांच्या मुळाशी. बागेतल्या गोगलगायीत नर आणि मादी एकाच देहात नांदतात. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. सर्वांत महत्त्वाचा फरक म्हणजे हिला दार असते. पायाच्या मागच्या भागावर एक वाटोळी चकती असते. देह आत ओढून घेतला, की ती चकती शंखाच्या आतल्या अरुंद जागी घट्ट बसते. हिचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले ते बागेतल्या गोगलगायीच्या पूर्वजांहून वेगळ्या वाटेने, आणि येताना हे दार सोबत घेऊन आले. जीभ मात्र दोघींचीही सुताराच्या कानशीसारखी: बारीक दातांच्या ओळी असलेली एक पट्टी. तिने दगडावरचे शेवाळ आणि दगडफूल खरवडून खायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ज्या कुळातली खंडाळ्याची गोगलगाय आहे, त्या कुळाची खरी राजधानी सह्याद्री नव्हे. ती आहे मलेशियात आणि बोर्निओ बेटावर, आणि तिथेही सर्वत्र नव्हे, तर मुख्यतः चुनखडीच्या डोंगरांवर.

असे का? याचे उत्तर शंखातच आहे. शंख चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. त्यात कॅल्शियम असते, परंतु ते कठीण खनिजांत अडकलेले. विषुववृत्ताजवळच्या रानांत तर सततच्या पावसाने मातीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. अशा मुलखात चुनखडीचा डोंगर म्हणजे गोगलगायीला अन्नछत्रच. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी चुनखडीला हळूहळू खाते, डोंगरात भेगा, कपारी आणि गुहा तयार होतात. त्या कपाऱ्यांत ओलावा टिकतो, शेवाळ वाढते आणि चुना पायाखालीच असतो. मुळात चुनखडी तरी काय आहे? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहिलेल्या जिवांच्या कवचांचा दाबला गेलेला साठा. एका शंखाचा डोंगर होतो आणि त्या डोंगरातून दुसऱ्याचा शंख होतो.

पण अन्नछत्र सोडून बाहेर पडता येत नाही, ही दुसरी बाजू आहे. मोहरीएवढा जीव, पाऊल घेणार ते केवढे? एका डोंगरापासून दुसरा डोंगर मैल-दोन मैल लांब असला, तरी मधले आंबट मातीचे रान तिला समुद्रासारखे आहे. त्यामुळे एकेका डोंगरावर एकेक जात वेगळी घडत गेली. शेजारच्या डोंगरावरच्या बहिणी एकमेकींना ओळखणार नाहीत, इतके शंख निराळे: एकीवर उभ्या उंच धारांची झालर, दुसरीवर साध्या रेघा, तिसरीची तुतारी लांब. आजवर या जातींची वर्णने होतच आहेत; २००८ मध्ये मलेशियाच्या पेराक राज्यातील एका डोंगरावरून अशी एक जात नोंदली गेली, की जिचा शंख चार वेगवेगळ्या अक्षांभोवती वळतो. मी तिचे चित्र पाहिले. दाराला लावायच्या तोरणाची दोरी गुंता होऊन पडावी, तसे ते दिसते.

या झालरी आणि तुताऱ्या नटण्यासाठी नाहीत. तिथे बिनशंखाची एक शिकारी गोगलगाय आहे. ती या चिमुकल्या शंखांना भोक पाडते किंवा तोंडातून आत शिरून मांस खाते. उंच धारा असल्या, की भोक पाडणे अवघड होते. तुतारी लांब असली, की तोंडापासून आतल्या देहापर्यंतचे अंतर वाढते. किल्ल्याचा दरवाजा वळणाच्या वाटेने आत न्यायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती मला इथे आठवली. रायगड पाहिलेल्यांना ती समजावून सांगायला नको.

आपल्या देशातही हे घडलेले आहे. मेघालयात चेरापुंजीजवळ मॉस्मई नावाची चुनखडीची गुहा आहे. सहलीला गेलेल्यांनी ती पाहिली असेल. त्या भागातील 'जॉरिसा सरिता' या बारीक गोगलगायीचे वर्णन विल्यम बेन्सन यांनी १८५१ साली केले. ते बंगालच्या मुलकी सेवेतले अधिकारी. ('सरिता' वाचून मला आनंद झाला होता, पण ते लॅटिन आहे, आपली नदी नव्हे.) त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे मेघालयातून या कुळाची नवी जात कोणी नोंदली नाही. २०२१ मध्ये बंगळूरच्या एका संशोधनसंस्थेतील अभ्यासकांनी मॉस्मईच्या गुहेतूनच एक वेगळी जात नोंदली आणि तिला त्या गावाचेच नाव दिले. लाखो पर्यटक त्या गुहेतून वाकून गेले असतील. भिंतीवरच्या त्या कणाकडे पाहायला मात्र इतका काळ जावा लागला.

याच बेन्सनसाहेबांची दुसरी कर्तबगारी तितकीशी गौरवास्पद नाही. १८४७ साली त्यांनी मॉरिशसहून आफ्रिकी मोठी गोगलगाय सोबत आणली आणि कलकत्त्यात एका बागेत सोडली. पुढे ती देशभर पसरली. तिला डोंगर लागत नाही, चुनखडी लागत नाही. पानकोबीपासून पपईपर्यंत तिला काहीही चालते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, त्याची झळ आपल्यापैकी काहींच्या गावाकडच्या घरांना लागली आहे. त्यामुळे गोगलगायींचे कौतुक सांगणाऱ्या बाईंवर आपण रागावलात, तरी मी समजू शकते. एवढेच लक्षात असू द्यावे, की हे नाव एक असले तरी प्राणी शेकडो आहेत. एक कुठेही सोडा, जगते. दुसरी तिच्या डोंगरावरून उचला, मरते.

आणि डोंगरच उचलला तर? मलेशियाच्या पहांग राज्यात बुकित पांचिंग नावाची चुनखडीची टेकडी होती. त्या एकाच टेकडीवर 'प्लेक्टोस्टोमा सायफिलम' ही जात राहत होती. टेकडी खाणीसाठी कापली गेली. या शतकाच्या आरंभी ती जमिनीशी सपाट झाली. ती गोगलगाय आता नामशेष जातींच्या यादीत आहे. २०१४ मध्ये पेराकमधील दुसऱ्या एका डोंगरावर नवी गोगलगाय सापडली, तेव्हा अभ्यासकांनी तिला एक विलक्षण नाव दिले. त्या डोंगराच्या एका भागात लाफार्ज या सिमेंट कंपनीची खाण होती. गोगलगायीचे नाव ठेवले 'लाफार्जेई'. ज्याच्या हाती तिचे जगणे-मरणे आहे, त्याच्याच नावाने तिला हाक मारली. असा टोमणा मराठीतही क्वचितच साधतो.

पालकहो, हे मी कोणत्या गावात बोलते आहे, याची मला जाणीव आहे. सिमेंट चुनखडीचे होते. चुनखडी आणि चिकणमाती भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवायची, तयार झालेले खडे थोडे जिप्सम घालून दळायचे, की सिमेंट. सिमेंटवर संशोधन करणारी राष्ट्रीय परिषद इथून जवळ, बल्लभगडला मथुरा रस्त्यावर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपन्याकडून आलेल्यांना चुनखडीच्या खाणी मी सांगायला नकोत. अनेक घरांच्या चुली सिमेंट, लोखंड आणि खडीवर पेटल्या आणि त्याच मिळकतीतून या शाळेच्या फिया भरल्या गेल्या. ज्या सभागृहात आपण बसलो आहोत, त्याचे छत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून झाले. त्यात किती पोती सिमेंट गेले, ते हिशेबाच्या वहीत आहे. सिमेंट वाईट, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि माझे तसे मतही नाही. डोंगर कापण्यापूर्वी त्यावर कोण राहते हे कुणीतरी वाकून पाहिलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या अरवलीची गोष्ट थोडी निराळी आहे. हा खडक गारगोटीच्या जातीचा, चुना जवळजवळ नाहीच. त्यामुळे इथे मलेशियासारख्या गोगलगायी सापडणार नाहीत. पण डोंगर नाहीसा होताना कसा दिसतो, हे आपण पाहिले आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत बडखलच्या बाजूने सुरुंगांचे आवाज दुपारच्या तासांना ऐकू येत. खडी आणि वाळूसाठी खोदलेले खड्डे पुढे पाण्याने भरले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरवलीतील खाणकामाला मनाई केली आणि २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवात या जिल्ह्यांतल्या डोंगरांसाठी ती पुन्हा बजावली. मांगरची बनी अजून उभी आहे, कारण भोवतालच्या गावकऱ्यांनी तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही असे पिढ्यान्‌पिढ्या पाळले. आठवीची सहल आता मी सूरजकुंडऐवजी तिकडे नेते.

शेवटी आपल्या भिंतीविषयी सांगते. बरणीतली ती गोगलगाय मागच्या कुंपणाच्या भिंतीवर सापडली, असे मी मघाशी म्हटले. मुलांनी पुढे त्या पावसाळ्यात रोज सकाळी मोजणी केली. मागच्या भिंतीवर गोगलगायी दिसत. पुढच्या, तयार रंगाने रंगवलेल्या भिंतीवर जवळजवळ नसत. मागच्या भिंतीला आपण अजूनही दर दोन वर्षांनी कळीच्या चुन्याची सफेदी देतो, आणि ती सफेदी जागोजागी खरवडलेली दिसते. यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. मागच्या बाजूला सावली आणि ओलही जास्त आहे. माझ्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीनेही हेच बजावले. पण शंखाला चुना लागतो, हे खरे. चुना लावणे याला आपल्या भाषेत फसवणे म्हणतात. इथे तो चुना कुणाच्यातरी उपयोगी पडत असावा.

महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या सगळ्या भिंतींना नवा रंग द्यायचे ठरले, तेव्हा माझ्या टेबलावर एक अर्ज आला. अर्जदार आता सातवीत आहे. विषय: 'मागची भिंत न रंगवणेबाबत'. मराठीत, रीतसर, 'आपला आज्ञाधारक' असा शेवट. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि अर्ज व्यवस्थापन समितीपुढे ठेवला. समितीच्या बैठकीत त्यावर बराच वेळ चर्चा झाली. एका सदस्यांनी पाहुण्यांना ती भिंत जुनाट दिसेल, अशी योग्यच शंका काढली. अखेर मागची भिंत वगळण्यात आली आणि मागच्याच महिन्यात तिला चुन्याचा नवा हात दिला.

आज पहाटे पाऊस पडून गेला आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी भोजनापूर्वी माझ्याबरोबर मागच्या बाजूला यावे. पायाखाली मात्र बघून चालावे. बरणी सातवीच्या वर्गात खिडकीशी ठेवली आहे. ती खालून पाहायची आहे.